शिट्ट्या मोजायच्या की मिनिटं

रात्री दोनला आमच्या टीमचा एक जॉब, म्हणजे सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारं काम, सुरू होतो, त्याला सगळे नुसतं 'वॅलग्रिंडवाला' म्हणतात. मी या टीममध्ये आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं गेलं की तो लाल, म्हणजे नापासच असतो, त्याच्याकडे बघू नकोस. दिवसाचे जॉब हिरवे हवेतच, त्यातला एक लाल झाला की मर्ज, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये घेणं, थांबतं, लोक जागेवरून उठून विचारायला येतात. रात्रीचा लाल असतो कारण टाइमआउट. टूल स्लो आहे, टेस्ट वेळेत संपत नाहीत, त्यात काय बघायचं.

मी ते ऐकलं आणि पुढची दीड वर्षं तसंच वागले.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे डेटा साठवणारा एक सर्व्हर, सगळा सी प्लस प्लसमध्ये, कोड जुना, आणि अशा कोडला वॅलग्रिंड हवंच. ज्यांनी कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वॅलग्रिंड तुमचा प्रोग्राम थेट प्रोसेसरवर पळू देत नाही, त्याचा मशीन कोड तुकड्या-तुकड्याने उलगडतं, मध्ये स्वतःच्या तपासण्या घालतं आणि मग तो तुकडा चालवतं. त्यातलं मेमचेक हे टूल मेमरीतल्या प्रत्येक बाइटला 'इथे हात लावायची परवानगी आहे का' आणि प्रत्येक बिटला 'यात कोणी काही लिहिलंय का' अशी नोंद ठेवत जातं. बिटागणिक नोंद! म्हणून फ्री करून टाकलेली, म्हणजे काम संपलं म्हणून परत केलेली मेमरी पुन्हा वाचली, किंवा कधी भरलाच नाही तो व्हेरिएबल बघून निर्णय घेतला, असल्या एरवी महिनोन् महिने लपून बसणाऱ्या चुका ते ओळ नंबरासकट समोर ठेवतं. बीझिप२ हे फाइल लहान करणारं टूल लिहिणाऱ्या ज्युलियन सेवर्डने हे सुरू केलं, १.० व्हर्जन २००२ साली आलं, आणि नाव नॉर्स पुराणातल्या वल्हालाच्या मुख्य दाराचं आहे. त्यांच्या प्रश्नोत्तरांत उच्चारही लिहिलाय, 'ग्रिंड', 'ग्राइंड' नाही. आमच्या ऑफिसात सगळे ग्राइंडच म्हणतात, बोलताना मीही तेच म्हणते, इथे लिहिताना मात्र नीट लिहितेय.

या सगळ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. मॅन्युअलमध्येच सांगितलंय की प्रोग्राम एरवीपेक्षा २० ते ३० पट स्लो चालेल. शिवाय वॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एकच धागा चालवतं, बाकीचे रांगेत. म्हणजे आठ कोअरवर आठ थ्रेड एकदम पळवणारी टेस्ट असेल तर त्या २० ते ३० पटीवर अजून बरंच काही चढतं. आमची एक टेस्ट आहे, माझ्या लॅपटॉपवर चार सेकंदांत संपते, वॅलग्रिंडखाली पावणेसात मिनिटं घेते. तिची मर्यादा ६० सेकंद होती. ती पास कशी होणार?

तर मग एका स्प्रिंटमध्ये माझ्याकडे तिकीट आलं की रात्रीचा जॉब हिरवा करा.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण या लेखाचं कारणच ते आहे. वॅलग्रिंडच्या हेडर फाइलमध्ये एक मॅक्रो मिळतो, रनिंग ऑन वॅलग्रिंड, प्रोग्राम वॅलग्रिंडखाली चालत असेल तर तो शून्याऐवजी दुसरा आकडा देतो. मी त्याच्यावर एक छोटं फंक्शन लिहिलं, द्याल तो वेळ वॅलग्रिंडखाली २० पट करून परत देणारं, आणि मग पूर्ण कोडमध्ये 'टाइमआउट' शब्द शोधून जिथे जिथे सेकंद दिसले तिथे तिथे ते लावत गेले. टेस्टची मर्यादा, टेस्टच्या आतलं वाट बघणं, क्लायंटचा कनेक्ट टाइमआउट, आणि सर्व्हर एकमेकांना 'जिवंत आहेस ना' विचारतात तो हार्टबीट, त्याचे तीन सेकंद, तेही. तीनचे साठ झाले. दोन दिवसांत १४ लाल टेस्टपैकी १३ हिरव्या झाल्या, चौदावीला अजून थोडी मर्यादा वाढवून दिली, डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मनापासून वाटलं की मी काहीतरी चांगलं केलंय.

अकरा आठवड्यांनी एका कस्टमरकडे सर्व्हर क्रॅश झाला. मग चार दिवसांनी पुन्हा झाला. दोन्ही वेळा पहाटे, त्यांच्या बॅकअपच्या वेळेत. बॅकअप घेताना व्हर्च्युअल मशीन काही सेकंद गोठतं, आतल्या प्रोग्रामला ते कळतही नाही, त्याच्या दृष्टीने घड्याळ एकदम सहा सेकंद पुढे सरकलेलं असतं. तेवढ्यात समोरच्या सर्व्हरने ठरवलं की हा गेला, कनेक्शन बंद केलं, सेशन साफ केलं, त्या सेशनचा बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी, फ्री केला. आणि एक लिहिण्याचं काम अजून वाटेतच होतं, त्याच्या हातात तोच बफर. फ्री केलेली मेमरी वाचली, क्रॅश.

कोअर डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणी जतन झालेली मेमरी, बघताना त्या फंक्शनचं नाव मला ओळखीचं वाटलं. कुठे बघितलंय ते पटकन आठवेना. मग रात्रीच्या जॉबचे जुने लॉग काढले, मी बदल करायच्या आधीचे, आमच्याकडे ते ९० दिवस राहतात आणि त्यातले ८३ की ८४ उलटून गेले होते. लाल टेस्टच्या यादीत ती टेस्ट होती, पुढे लिहिलेलं 'टाइमआउट'. लॉग उघडला तर टाइमआउट व्हायच्या बराच आधी, मध्यावर कुठेतरी, वॅलग्रिंडने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की इनव्हॅलिड रीड, ८ बाइट, हा ब्लॉक अमुक ओळीवर फ्री झालाय. तेच फंक्शन, तीच ओळ. टूल इतकं स्लो होतं की तीन सेकंदांचा हार्टबीट चुकायचा, म्हणजे कस्टमरकडे बॅकअपच्या वेळी जे घडत होतं नेमकं तेच आमच्याकडे रोज रात्री घडत होतं, टूल ते पकडत होतं, कागदावर उतरवत होतं, आणि कोणी वाचत नव्हतं कारण निकालाच्या रकान्यात 'टाइमआउट' होतं. आणि मग मी हार्टबीट साठ सेकंदांचा केला आणि ते पकडणंही बंद करून टाकलं.

त्या दुपारी मी जेवायला गेले नाही. लीडला सगळं सांगितलं, तो रागावला नाही, एवढंच म्हणाला की आधी आपण सगळ्यांनीच दीड वर्ष ते वाचलं नाही. ते खरं आहे, पण माझा बदल माझाच होता.

नंतर कधीतरी मी डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएलची, म्हणजे गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीची गोष्ट पुन्हा वाचली. कॉलेजात एक किस्सा म्हणून वाचलेली, या वेळी वेगळीच लागली. २००६ मध्ये वॅलग्रिंड आणि प्युरिफाय ही टूल्स ओपनएसएसएलच्या रँडम नंबर बनवणाऱ्या कोडबद्दल तक्रार करत होती की इथे न भरलेली मेमरी वापरली जातेय. तक्रार थांबावी म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन ओळी काढून टाकल्या. तक्रार थांबली. पण त्यातल्या एका ओळीतूनच बाकीचा सगळा रँडमपणा आत येत होता, आता उरला फक्त प्रोसेस आयडी, चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता, आणि मे २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत डेबियनवर आणि उबंटूवर बनलेल्या दूरच्या मशीनवर लॉग-इन करायच्या कित्येक एसएसएच किल्ल्या अंदाजाने काढता येण्यासारख्या झाल्या होत्या. आमची गोष्ट त्याच्यापुढे फार लहान आहे, पण हात तोच आहे. टूल बोलतंय, ते गप्प व्हावं म्हणून आपण प्रॉडक्टला हात लावतो.

मग प्रश्न उरतोच की करायचं काय. टूल खरंच स्लो आहे, टेस्ट खरंच वेळेत संपत नाहीत, रोज लाल जॉब कोणी वाचणार नाही हेही खरं.

मला हे सुटलं ते स्वयंपाकघरात. पुण्यात पहिल्यांदा एकटी राहायला लागले होते तेव्हा आईला फोनवर विचारलं होतं की वरणाचा कुकर किती मिनिटं ठेवू, तर ती म्हणाली, "मिनिटं काय विचारतेस अगं, शिट्ट्या मोज. तीन झाल्या की बंद कर." मी तरी विचारलं, साधारण किती वेळ लागतो, तर म्हणाली ते मला इथून कसं कळणार, तुझा बर्नर केवढा, कुकर केवढा, पाणी किती घातलंयस. आणि ठेवता ठेवता, "आणि अर्धा तास झाला तरी एकही नाही झाली तर मात्र उठून बघ हं, रिंग नीट बसली नसेल." आता वर्षानुवर्षं मी तेच करते, मोठा गॅस असो की मैत्रिणीकडची ती मिणमिणती शेगडी असो, तीन शिट्ट्या म्हणजे तीन शिट्ट्या, वरण शिजतंच.

आमच्या टेस्ट मिनिटांवर कुकर ठेवत होत्या. रेकॉर्ड लिहा, दोन सेकंद झोपा, मग वाचा. का दोन? कोणाच्या तरी मशीनवर २०१५ मध्ये दोन पुरले म्हणून. वॅलग्रिंडखाली दोन सेकंदांत काहीच झालेलं नसायचं. मी अशा १०० च्या वर जागा एकेक करून बदलल्या, झोपण्याच्या जागी 'ही गोष्ट झाली का' असं विचारत राहणारं एक फंक्शन, झाली की लगेच पुढे. गंमत म्हणजे दिवसाचे जॉबही त्याने फास्ट झाले, कारण दोन सेकंद झोपणारी टेस्ट आता ४० मिलिसेकंदांत पुढे सरकत होती. एक काळजी घ्यावी लागते, हे विचारत राहणं मध्ये थोडं थांबून करायचं, नुसतं गरगर फिरत नाही राहायचं. वॅलग्रिंडखाली एकच थ्रेड चालतो ना, मग वाट बघणाराच पाळी अडवून बसला तर ज्याची वाट बघतोय त्याला पाळी मिळायला उशीर होतो. फेअर-शेड नावाचा एक ऑप्शन आहे, तो थ्रेडना आळीपाळीने संधी देतो, आमच्या दोन टेस्ट फक्त तेवढ्याने सुधारल्या.

उरली 'अर्धा तास झाला तर उठून बघ' ही मर्यादा. ही वरण शिजायची वेळ नाही. सगळं नीट असताना ती कधी संपतच नाही, काहीतरी अडकलंय हे कळण्यापुरती ती असते. अशी मर्यादा ऐसपैस ठेवली तर काही बिघडत नाही, कारण टेस्ट पास होताना ती कधी पूर्ण खर्चच होत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांनी हे छान केलंय, त्यांच्या टेस्टमधल्या अशा मर्यादा एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून देता येणाऱ्या एका सेटिंगवर आणल्यात, पीजी टेस्ट टाइमआउट डिफॉल्ट, न सांगितल्यास १८० सेकंद, आणि ज्याचं मशीन स्लो असेल किंवा जो वॅलग्रिंडखाली चालवत असेल त्याने तो एकच आकडा वाढवायचा. कोड बिल्ड करून टेस्ट चालवायला मेसॉन वापरत असाल तर त्यात टाइमआउट-मल्टिप्लायर आधीच आहे, त्याची मूळ मर्यादा टेस्टमागे ३० सेकंद असते, वॅलग्रिंडसाठी वेगळा सेटअप लिहून त्यात गुणक देता येतो. आम्ही सीटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या दुसऱ्या टूलवर आहोत, म्हणून ते स्वतः लिहिलं. एकच जागा, एकच गुणक, आणि तो गुणक फक्त पहारेकऱ्याच्या, म्हणजे या 'उठून बघ' मर्यादेच्या वेळेला लागतो. प्रॉडक्टच्या स्वतःच्या घड्याळाला नाही. हार्टबीट पुन्हा तीन सेकंदांचा केला.

ते केल्यावर सहा टेस्ट पुन्हा लाल झाल्या, आणि या वेळी मी प्रत्येकीचा लॉग शेवटपर्यंत वाचला. दोन खऱ्या चुका निघाल्या, एक तीच क्रॅशवाली आणि एक नवी, रिट्रायच्या कोडमध्ये. तीन टेस्ट अशा होत्या की त्यांना हार्टबीटशी काही देणंघेणं नव्हतं, त्या वेगळंच काही तपासत होत्या आणि कनेक्शन तुटल्यामुळे पडत होत्या, त्यांच्यात हार्टबीट उघडपणे बंद केला, टेस्टच्या पहिल्या ओळीत, दिसेल असा. सहावी टेस्टच चुकीची होती. आणि 'तीन सेकंदांनी कनेक्शन तुटलं पाहिजे' हे तपासणारी जी टेस्ट होती तिच्यातून खरं घड्याळच काढलं, आता तिथे खोटं घड्याळ आहे, आपण हाताने पुढे ढकलायचं, २.९ वर तुटलं नाही ना बघायचं, ३.१ वर तुटलं ना बघायचं. ती वॅलग्रिंडखालीही तेच उत्तर देते.

किती पट हा वाद बराच चालला. एकच आकडा सगळ्यांना लावू नका असं माझं ठाम मत आहे. वॅलग्रिंडसारख्याच चुका शोधणारी दुसरी टूल्सही आम्ही चालवतो, त्यातला अॅड्रेस सॅनिटायझर साधारण दुप्पट स्लो करतो, त्याला तीन पुरे. थ्रेड सॅनिटायझर ५ ते १५ पट, त्याला २० दिलेत. मेमचेकला ४०. आणि आंधळेपणाने गुणलं तर दुसऱ्या टोकाचा त्रास होतो, सीटेस्टची मूळ मर्यादा १५०० सेकंद आहे, तिला नुसतं ३० ने गुणलं तरी साडेबारा तास, म्हणजे एक टेस्ट अडकली की रात्र गेली. गिटहबच्या मशीनवर तर एक जॉब सहा तासांवर जाऊच शकत नाही, तुमची मर्यादा यायच्या आधी बाहेरूनच सगळं बंद. म्हणून क्रम महत्त्वाचा, सगळ्यात आतली वाट आधी संपली पाहिजे कारण तिलाच माहीत असतं की आपण कशाची वाट बघत होतो, ती सांगू शकते 'तिसरा नोड जॉइन झाला नाही'. मग टेस्टची मर्यादा, मग जॉबची. बाहेरच्याने आधी मारलं तर फक्त 'टाइमआउट' एवढा शब्द हातात येतो, आणि तो शब्द आम्ही दीड वर्ष बघितलाय.

मारायची पद्धतही बदलली. आधी मर्यादा संपली की थेट सिगकिल, म्हणजे प्रोग्राम जागच्या जागी मारणारा सिग्नल जायचा, त्यात वॅलग्रिंडला शेवटचा लीकचा, म्हणजे परत न केलेल्या मेमरीचा हिशोब लिहायलाही वेळ मिळत नाही. आता आमची स्क्रिप्ट आधी व्हीजीडीबीमधून विचारते, ३.७ पासून वॅलग्रिंडमध्ये जीडीबी या डीबगरशी बोलणारा जीडीबी सर्व्हर आहे, त्याला एक कमांड दिली की प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते स्टॅकसकट, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून तिथे पोचला त्यासकट लिहून देतो, मग सिगटर्म, म्हणजे 'आवरून थांब' असं सांगणारा सिग्नल, मग ३० सेकंद थांबून सिगकिल. अडकलेल्या टेस्टच्या लॉगमध्ये थ्रेडचे स्टॅक मिळाले तेव्हा मला जो आनंद झाला तो घरी कोणाला समजावता आला नाही.

आणि काही टेस्ट वॅलग्रिंडखाली चालवतच नाही. त्याची लाज वाटून घेऊ नये. मायएसक्यूएलच्या टेस्टमध्ये 'नॉट वॅलग्रिंड' नावाची एक छोटी फाइल आहे, टेस्टच्या वर ती जोडली की वॅलग्रिंडखाली ती टेस्ट सोडून देतात. आमच्याकडे अशा नऊ आहेत, वेग मोजणाऱ्या, आणि प्रत्येकीवर कारण लिहिलंय. काहींमध्ये फक्त काम कमी केलं, दहा हजार रेकॉर्डऐवजी ३००, कारण मेमचेकला एकच रस्ता दहा हजार वेळा दाखवून नवीन काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या एकाने एक बदल रिव्ह्यूसाठी टाकला. रात्रीच्या जॉबमध्ये हार्टबीटची टेस्ट आठवड्यातून एखाद्या वेळी लाल होते, म्हणून त्याने वॅलग्रिंडखाली हार्टबीट तीनऐवजी तीस सेकंद केला होता. एक ओळीचा बदल. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं हे असू दे बाजूला, आधी त्या लाल रात्रीचा लॉग उघड आणि वरून वाचायला घे, टाइमआउटच्या ओळीपासून नाही, पहिल्या ओळीपासून. तो स्क्रोल करत गेला. चारशे कितव्या तरी ओळीवर थांबला आणि म्हणाला, "हे काय आहे?"